बन तंबाखू, रानतंबाखू

रविवारी संध्याकाळी पावणेसातला उदयसिंह खराडे आपल्या गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवरून खाली कोसळले. हातात पेटलेला पाइप होता. पाइपमध्ये तंबाखू नव्हती. सुनेने घरी तयार केलेला झाडपाला होता.

इंदूरच्या विजय नगरातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये तेव्हा तिघे होते: स्वतः उदयसिंह, मुलगा यशवर्धन आणि सून विनीता. उदयसिंहांना उलट्या होत होत्या, अंग घामाने भिजले होते, हातपाय थरथरत होते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत नाडी इतकी मंदावली की डॉक्टरांनी आधी हृदयविकाराचा झटकाच धरला, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला होता. मग कार्डिओग्राम पाहून त्यांनी विचारले, "इन्होंने खाया क्या है?"

"खाया कुछ नहीं," यशवर्धन म्हणाला. "पाइप पी है."

डॉक्टरांनी तो पाला मागवून घेतला आणि नियमाप्रमाणे ठाण्याला कळवले.

सोमवारी दुपारी उदयसिंह बोलण्याइतपत सावरले. अतिदक्षता विभागात त्यांच्या खाटेशी उभे असलेले सहायक उपनिरीक्षक संजीव सोलंकी यांना त्यांनी सांगितलेले पहिले वाक्य असे: "बहू ने दिया. जानबूझकर दिया."

त्या वाक्यावर विनीताचे पुढचे सगळे अडून आहे. गुन्हा अजून नोंदलेला नाही, चौकशी चालू आहे. सासऱ्यांनी सहीनिशी हेच सांगितले तर विष देऊन इजा केल्याचा गुन्हा दाखल होईल आणि तिला अटक होऊ शकेल. झाली ती चूक होती आणि ती अशी अशी झाली, एवढे त्यांनी सांगितले तर कदाचित होणार नाही. चूक कशी झाली हे विनीताखेरीज आणखी चौघांना ठाऊक आहे. चौघेही घरचेच.

उदयसिंह चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. पणजोबा होळकरांच्या फौजेत रिसालदार होते, हे ते पहिल्या भेटीत सांगतात. आपल्या घरात मराठीत हिंदी मिसळलेली चालत नाही, हे दुसऱ्या भेटीत. ते काही खरे नाही. इंदूरच्या बाकीच्या मराठी घरांसारखीच तिथेही मंडळी 'भिया, जरा सरक' म्हणतच जेवायला बसतात. पण चुका काढण्याचा हक्क एकट्या उदयसिंहांचा. पंखा चालवायचा नाही, लावायचा. चहा बनवायचा नाही, करायचा. भोपाळात वाढलेल्या विनीताच्या वाट्याला या दुरुस्त्या सर्वांत जास्त आल्या. "ही भोपाळची मराठी," ते पाहुण्यांसमोर म्हणत. "अर्धी भाषा, अर्धी भेळ."

पाइप मात्र त्यांना वारशात मिळालेला नाही. नोकरीत असताना एका वरिष्ठाचे पाहून धरला, आणि सोडला नाही. स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी तंबाखू पूर्ण बंद सांगितली. उदयसिंहांनी मान डोलावली आणि पुड्या बुटांच्या खोक्यात, गिझरच्या मागे, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. विनीताने त्या एकेक करून शोधल्या. एका सकाळी कचऱ्याची गाडी खाली गाणे वाजवत उभी असताना तिने साऱ्या पुड्या नेऊन गाडीवाल्यापुढे धरल्या आणि विचारले, "भिया, ये गीले में जाएगा कि सूखे में?" चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून उदयसिंहांनी ते पाहिले. जिन्यात दोघांचे जे भांडण झाले ते समोरच्या फ्लॅटमधल्या इंदुमती दुबे यांनी दार किलकिले करून ऐकले. त्यातले विनीताचे एक वाक्य त्यांनी पुढे पोलिसांना जसेच्या तसे सांगितले: "ओढा, ओढा आणि मरा एकदाचे!"

झाडपाल्याची कल्पना त्यानंतरची. विनीता एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचे काम करते; एखादी गोष्ट थेट बंद पडत नसेल तर तिचे टप्पे पाडावेत, असा तिचा विचार. पाइप तोंडात राहू द्यायचा, तंबाखू काढून घ्यायची, मग हळूहळू पाइपही. डॉक्टरांना तिने विचारले तेव्हा ते म्हणाले, "धुआँ तो धुआँ है, मैडम." तिने ते ऐकले आणि तरीही व्हिडिओ पाहायला लागली.

व्हिडिओतली बाई सांगत होती की अशा मिश्रणाचा पाया म्हणजे मुलीन नावाच्या झाडाची पाने. लोकरीसारखी मऊ असतात, सावकाश जळतात, घसा कमी खरवडतात. हिमाचलातून जे पाकीट आले त्यावर हिंदीत नाव होते, बन तंबाकू. नावापलीकडे त्या झाडाचा तंबाखूशी काही संबंध नाही. विनीता ती पाने चाळणीवर चोळून भुगा करायची, त्यात अडुळसा, पुदिना आणि मल्हारगंजातून आणलेल्या गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या मिसळायची. वरून ज्येष्ठमधाच्या काढ्यात मध कालवून त्याचा हबका. मग ते सगळे ओल्या फडक्यात गुंडाळून खलबत्त्याखाली दाबून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात भरायचे.

"गोठ्यात धुरी करतात तशी चव आहे," असा उदयसिंहांचा अभिप्राय. दुसरे काही मिळत नव्हते म्हणून ओढत राहिले.

जानेवारीत पाकीट संपले आणि हिमाचलचा विक्रेता फोन उचलेना. मल्हारगंजातल्या जडीबुटीच्या दुकानदाराने हात झटकले. "मैडम, ये पहाड़ का माल है. इधर नी मिलेगा."

त्याच सुमाराला उदयसिंहांची मुलगी पूर्वा आणि जावई प्रणव साताऱ्याकडे गेले होते. प्रणव मूळचा पाटण तालुक्यातला. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला लागला, इंदुरात राहिला, इथेच लग्न केले. गावची यात्रा होती. पूर्वाने वडिलांची चौकशी करायला फोन केला तेव्हा खराड्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर सगळे बसले होते. यशवर्धन मटार सोलत होता. फोन दोन्हीकडे स्पीकरवर होता.

"प्रणवराव," विनीता म्हणाली, "तुमच्या तिकडे पहाड़ आहेत ना? तिकडे बन तंबाखू मिळते का?"

"बन? पावातला बन?" पलीकडून हसणे ऐकू आले.

"नाही हो. बन तंबाखू. झाड असतं. पानं मोठी मोठी."

"असलं काही ऐकलं नाही बुवा."

उदयसिंह पुढे वाकले. "प्रणवराव, हिचं सोडा. पहाड़ काय, बन काय! बन म्हणजे वन, वन म्हणजे रान. रानतंबाखू म्हणायचंय तिला. रान-तंबाखू."

"हां, रानतंबाखू! मग असं सांगा की. आमच्या डोंगराला ढिगाने उभी असते."

"बघ," उदयसिंह सुनेला म्हणाले. "शब्द बरोबर असला की वस्तू मिळते."

प्रणवने दोन जुड्या आणल्या. विनीताने पाने हातात घेतली तेव्हा ती तिला वेगळी वाटली. लांबट, पातळ, जरा कडक; आधीच्या पानांची मखमल त्यांना नव्हती. चाळणीवर चोळताना नाकात आग झाली, शिंकांवर शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"बाबासाहेब, ही पानं अलग वाटतायत."

"वेगळी."

"हो, वेगळी. पहिली सॉफ्ट होती."

"तुझ्या पाकिटातली शिळी होती. ही ताजी आहेत. नाव तेच, झाड तेच."

तेव्हाच थांबून विचारायला हवे होते, हे विनीताने पोलिसांना स्वतःहून सांगितले. ती थांबली नाही. शनिवारी मिश्रण दाबून ठेवले, रविवारी दुपारी डबा भरला.

संध्याकाळी पहिला झुरका घेऊन उदयसिंहांनी गॅलरीतून आत पाहिले. "आता कुठे तंबाखू लागली!" विनीताच्या हातच्या कशाला त्यांनी चांगले म्हटल्याचे यशवर्धनला याआधीचे आठवत नाही. त्यांनी पाइप पुन्हा भरला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा भरलेला पाइप संपायच्या आत ते खाली पडले.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात पूर्वा आणि विनीता समोरासमोर आल्या त्या सोमवारी, पोलीस येऊन गेल्यानंतर. प्रणव हेल्मेट हातात धरून बाजूला उभा होता.

"झालं मनासारखं, वहिनी?" पूर्वा म्हणाली.

"पाला तुमच्या नवऱ्याने आणलाय, ताई."

"तुम्ही मागवला म्हणून आणला!"

"मी बन तंबाखू मागवली होती."

"बन आणि रान, एकच की. शाळेतल्या पोरालाही कळतं."

"कळतं म्हणूनच तर झालं. मला कळत नाही तेच बरं होतं."

"शब्दांचे खेळ करू नका. बाबासाहेबांच्या पुड्या कचऱ्यात कोणी टाकल्या? मरा म्हणून कोण ओरडलं? सगळ्या बिल्डिंगने ऐकलंय."

"ओरडले. विष नाही घातलं. तुम्ही फोनवर होता, ताई. रान कोण म्हणालं ते तुम्ही ऐकलंय."

पूर्वाने नवऱ्याकडे पाहिले. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "यांचं नाव जर पोलिसांत गेलं ना, तर मी काय काय ऐकलंय ते सगळं सांगेन. मग बघा."

मंगळवारी विनीता उरलेल्या जुडीतला एक देठ आणि चार पाने पिशवीत घालून एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात गेली. तिथल्या प्राध्यापिकांनी देठ मोडून पाहिला, तो आतून पोकळ होता. पानांना त्यांनी बोट लावले नाही, चिमट्याने उचलली.

"हे मुलीन नाही. सह्याद्रीत होतं हे. देवनळ म्हणतात, विषारी आहे. मराठीत याला आणखी एक नाव आहे, रानतंबाखू."

"आणि बन तंबाकू?"

"ते हिंदीत मुलीनला म्हणतात. ते वेगळं झाड, हे वेगळं. तुम्ही नावाचं भाषांतर केलंत का?"

"मी नाही," विनीता म्हणाली.

देवनळाचा परिणाम शरीरावर थोडाफार तंबाखूसारखाच होतो, हेही त्यांनी सांगितले. मात्रा वाढली तर उलट्या, थरकाप, आकडी, आणि हृदय आधीच दुबळे असेल तर जीवही जाऊ शकतो. त्यांनी हे लिहून द्यायचे कबूल केले. विनीता तशीच ठाण्यात गेली. सोलंकींनी तिचे सगळे ऐकून घेतले.

"मैडम, पौधा कौन-सा है ये लैब बताएगी. डिब्बा भेज दिया है. मुझे तो ये देखना है कि गलती थी या नीयत. आप बोल रही हो कि 'रान' आपने नहीं, बाबूजी ने बोला. बाबूजी बोल रहे हैं बहू ने जानबूझकर दिया. टेबल पे और कौन था?"

"माझे मिस्टर. आणि फोनवर ननंद आणि तिचे मिस्टर."

"तो उनसे पूछ लेते हैं."

त्याच दुपारी तिघांना विचारले गेले. प्रणव म्हणाला, जे मागवले ते आणले. नाव काय सांगितले होते ते आठवत नाही. पूर्वा म्हणाली, वहिनींनीच मागवले, शब्द कुठला ते लक्षात नाही. यशवर्धनने सांगितले, "मेरा ध्यान नहीं था."

ते विनीताला ठाण्याबाहेर समजले. घरी येऊन तिने पर्स ओट्यावर ठेवली. यशवर्धन चहाचे पाणी ठेवत होता.

"तुझं ध्यान नव्हतं?"

"म्हणजे... मी मटार सोलत होतो."

"मटार कानांनी सोलतोस?"

"विनू, ते आजारी आहेत. आयसीयूत पडलेल्या बापाला खोटं पाडू?"

"मग बायकोला आत जाऊ दे."

"असं थोडंच होणारे. राग उतरला की बाबासाहेब स्वतःच बोलतील."

"त्यांचा राग उतरलेला तू पाहिलायस कधी? मला सांग, कोणत्या साली?"

यशवर्धनने गॅस बारीक केला. "मी सांगितलं तर ताईच्या घरात आग लागेल. प्रणवची नोकरी... आणि बाबासाहेब माझं तोंड बघणार नाहीत."

"आणि मी?"

"तू समजून घेशील, असं वाटलं."

"बारा वर्षं समजूनच घेतलं. आता दुसऱ्या कोणाला तरी घेऊ दे."

त्याच संध्याकाळी ती दोन बॅगा घेऊन प्रियंका नावाच्या सहकारी मैत्रिणीकडे राहायला गेली. मैत्रिणीच्या ओळखीतल्या वकिलाने अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार केला आणि तिला सांगितले, प्राध्यापिकांचे पत्र चांगले आहे, पण झाड कोणते यावर कोणाचा वाद नाही. त्या टेबलावर काय बोलले गेले ते सांगणारा एक माणूस हवा.

बुधवारी तिने प्रणवच्या गावी फोन लावला. त्याचे चुलते मोहन यांचा नंबर पूर्वाच्या लग्नाच्या वेळेपासून तिच्याकडे होता. मोहनकाका फोनवरही ओरडूनच बोलतात. त्यांना इंदुरात काय घडले याचा पत्ता नव्हता.

"देवनळ व्हय? मीच कापून दिली त्याला. आमच्याकडं गुरंसुद्धा तोंड लावत न्हाईत. मी म्हणलं, कशाला पायजे रं? तर म्हणला, औषधाला. म्हणलं, वैद्याला दाखीव आधी, आन् हात धू. का, काय झालं?"

विनीताने काय झाले ते सांगितले.

"पाव्हणं हायत का?"

"आहेत. वाचले."

"मी पोलिसात-बिलिसात येणार न्हाई, बाई," मोहनकाका म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रणवला तिने कृष्णपुऱ्यात होळकरांच्या समाधी-छत्र्यांपाशी गाठले. घरी नको, पूर्वाला कळेल, ही जागा त्यानेच सांगितली होती. गर्दीची वेळ होती. तो मोटरसायकलवरून उतरलाही नाही.

"काकांनी तुम्हाला सांगितलं होतं," विनीता म्हणाली.

"ते सगळ्यालाच तसं म्हणतात. तुळशीलासुद्धा म्हणतील, हात धू."

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहितीय. तुम्ही इतके दिवस करताय ते. बाबासाहेबांनी इतकं ठासून नाव सांगितलं. मी कोण विचारणार?"

"हेच सांगा ना पोलिसांना! शब्दाला शब्द, हेच."

"आणि मग? विषारी झाड कोणी आणलं? प्रणवने. माहीत असून आणलं? हो, काकांनी सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या जागी मी."

"माझ्या जागी मी आहे म्हणून तुम्हाला झोप लागते?"

"नाही लागत," प्रणव म्हणाला. "पण घरी लागते आहे असं दाखवावं लागतं." त्याने हेल्मेट घातले. काचेमागून काहीतरी बोलला, ते तिला ऐकू आले नाही. तिने पुन्हा विचारले नाही.

गुरुवारी उदयसिंहांना साध्या खोलीत हलवले. विनीता भेटीच्या वेळेत गेली. खोलीत दुसरे कोणी नव्हते. तिला पाहून उदयसिंहांनी मान भिंतीकडे वळवली.

"मी तुझ्याशी बोलत नाही."

"बोलू नका. ऐका. दोन झाडं आहेत, बाबासाहेब. मी एक मागवलं, आलं दुसरं. नाव तुम्ही बदललंत. चुकून बदललंत. एवढंच त्यांना सांगा."

"मी माझ्या घरात मराठी बोललो, हा गुन्हा झाला?"

"नाही झाला. तेच सांगा, की गुन्हा नाही."

ते वळले. सलाइनची नळी हाताबरोबर ओढली गेली. "म्हणजे लोकांनी काय म्हणायचं? खराड्यांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःसाठी विष मागवलं? सुनेची मराठी सुधारायला गेला आणि उलथा पडला? समाजाच्या कार्यक्रमात, दत्त जयंतीला, हळदीकुंकवाला हेच. तुला काय, तू हसशील."

"मला हसू येत नाहीये."

"कचऱ्याच्या गाडीपाशी येत होतं."

"मला अटक झाली तर?"

"झाली तर चार लोकांसमोर मान खाली घालणं काय असतं ते कळेल."

"तुम्हाला माहितीय ना, मी मुद्दाम केलं नाही?"

उदयसिंहांनी घंटी दाबून नर्सला बोलावले आणि हिंदीत सांगितले की या बाईंना आत सोडत जाऊ नका.

शुक्रवारी दुपारी त्यांना घरी सोडले. ते स्वतःच्या घरी न जाता पूर्वाकडे गेले. शनिवारी सकाळी सोलंकी सविस्तर जबाब घ्यायला तिथे आले. खोलीत उदयसिंह, पूर्वा, प्रणव आणि यशवर्धन होते. आधीच्या बोलण्यावरून सोलंकींनी मजकूर हिंदीत लिहून आणला होता. तो त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"मेरी बहू विनीता ने मुझे पाइप में पीने के लिए बन तंबाकू का पत्ता..."

"बन नहीं," उदयसिंह म्हणाले.

"जी?"

"बन नहीं, रान. रानतंबाखू. बन तंबाकू दूसरी चीज़ है, वो पहले देती थी. लिखना है तो ठीक लिखिए."

सोलंकींनी खोडले आणि वर लिहिले. "ये रान क्या होता है, बाबूजी?"

"जंगल. मराठी में जंगल को रान कहते हैं."

"अच्छा. तो बहू ने दामाद जी से ये रान वाली मँगवाई."

"हाँ," पूर्वा म्हणाली.

"उसने?" उदयसिंह उशीवरून थोडे उठले. "उसको ये शब्द आता कहाँ है? वो भोपाल की है. घर में बारा साल से पहाड़-पहाड़ करती है."

सोलंकींनी पेन कागदावरून उचलले. "तो फिर ये शब्द बोला किसने?"

पूर्वा म्हणाली, "बाबासाहेब, तुम्ही आराम करा. साब, इनकी तबीयत ठीक नहीं है." प्रणव मोबाइलकडे पाहत होता.

"बाबूजी, एक लाइन की बात है. बोल दो, मैं लिख लेता हूँ. ये भी, और वो जानबूझकर वाली भी रखनी है कि नहीं, वो भी. फिर साइन कर दो."

"हिंदी में साइन नहीं करूँगा," उदयसिंह म्हणाले. "मराठीत लिहून आणा. शब्दाला शब्द."

"थाने में मराठी लिखने वाला कोई नी है, बाबूजी."

"तो ढूँढिए. ये होळकरों का शहर है."

सोलंकींनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. त्या ओळीची जागा कोरी आहे, सहीचीही. 'जानबूझकर' खोडलेले नाही.

निघताना त्यांनी दारात यशवर्धनला थांबवले. "भिया, आपको कुछ याद आया? उस दिन टेबल पे?"

यशवर्धनने खोलीकडे मागे वळून पाहिले. मग म्हणाला, "मैं दोपहर में थाने आता हूँ."

प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नाही. विनीताच्या अर्जाची सुनावणी सोमवारी आहे. दुपारी तिने सोलंकींना एकदा फोन केला, पाच वाजता पुन्हा केला. दोन्ही वेळा त्यांनी सांगितले की आज कोणी आलेले नाही, आणि ते आठपर्यंत ठाण्यातच आहेत.